सुताराचा नकार आणि संगणकाची आखणी

परभणी जिल्ह्यातील पारंपरिक सुताराने गेल्या दोन-तीन पिढ्यांत विजेवर चालणारा रंधा स्वीकारला, प्लायवूड आणि सनमायका स्वीकारले, गिऱ्हाइकाने मोबाइलवर दाखवलेल्या छायाचित्राबरहुकूम पलंग घडवून देण्याची रीतही स्वीकारली. मात्र वस्तूची आखणी संगणकाच्या पडद्यावर करण्याच्या तंत्राला त्याच्या कामात बहुतांशी अजून जागा मिळालेली नाही. फर्निचरच्या पारंपरिक व्यवसायात संगणकीय आरेखनाला होणारा असा विरोध जगात इतरत्रही आढळतो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अज्ञान, भीती किंवा जुन्याचा हट्ट असे सांगून विषय संपवला जातो. परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या नकाराची घडण बारकाईने पाहिली, तर हे स्पष्टीकरण अपुरे ठरते, कारण इथला नकार यंत्राला नाही. आखणीचा अधिकार, आखणीचे मोल आणि आखणीतील जोखीम यांची जी नवी वाटणी या तंत्राबरोबर येते, तिला आहे. हे ध्यानात घेतल्याशिवाय सुतारांसाठी तयार केलेली कोणतीही प्रशिक्षणयोजना त्यांच्या कामापर्यंत पोहोचणे कठीण आहे.

आखणीचे जुने शास्त्र

परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम अशा नऊ तालुक्यांचा हा जिल्हा गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा आहे; २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ३६ हजार होती आणि तिच्यातील दोन तृतीयांशांहून अधिक लोक खेड्यांत राहत होते. साहजिकच इथल्या सुताराचे मूळ काम दिवाणखान्यातील फर्निचरचे नव्हते, तर वखर, तिफण, कोळपे, जू आणि बैलगाडी यांचे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे, तिच्यात सुताराचे स्थान वरच्या ओळीत होते, कारण त्याच्याविना पेरणी अडत असे, आणि वर्षभराच्या या कामाचा मोबदला त्याला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळत असे.

ही अवजारे वरवर ओबडधोबड दिसत असली, तरी त्यांच्यामागची आखणी काटेकोर असते. तिफण म्हणजे तीन फणांचे पेरणीचे अवजार. तिच्या दोन फणांमधील अंतरावर पिकाच्या दोन ओळींतील अंतर ठरते, आणि पुढे त्याच ओळींमधून तण काढण्यासाठी जे कोळपे फिरवायचे, त्याचे माप त्या अंतराशी जुळावे लागते. एका अवजाराचे माप चुकले, तर दुसरे निरुपयोगी ठरते आणि चुकीची किंमत एका हंगामाच्या पिकाने मोजावी लागते. त्यामुळे गावचा सुतार प्रत्येक वस्तू सुटी आखत नसे. जमीन, पीक, बैलांची उंची आणि अवजारे यांची परस्परांशी बांधलेली मापे तो मनात सांभाळत असे.

घरबांधणीतही हीच रीत होती. मातीच्या सपाट धाब्याच्या माळवदी घराचा आकार खणांत मोजला जाई. दोन तुळयांमधील एक पट्टा म्हणजे एक खण. घर इतक्या खणांचे आहे एवढे सांगितले की खांब किती, तुळया किती आणि त्यांवर आडव्या टाकायच्या किलचणाच्या लाकडांची संख्या किती, हे सुताराच्या डोळ्यांसमोर उभे राहत असे. एक ठरावीक माप पायाभूत मानून त्याच्या पटीत संपूर्ण रचना उभी करणे, म्हणजेच आजच्या व्यापारी भाषेत ‘मॉड्यूलर’ पद्धत, ही मराठवाड्याच्या सुताराला पिढ्यान्‌पिढ्या परिचित होती.

या आखणीची साधने मोजकी असतात: फूटपट्टी, काटकोन पाहण्यासाठी गुण्या, उभी रेषा तपासण्यासाठी ओळंबा, आणि एकदा बरोबर जमलेला आकार जपून ठेवण्यासाठी पातळ फळीचा किंवा पत्र्याचा फर्मा. मापाचे सर्वांत लहान व्यावहारिक एकक सूत. एका इंचात आठ सूत, म्हणजे एक सूत साधारण ३.२ मिलिमीटर. देशात दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, सरकारी लाकूड आगारांत घनमीटर आला, पण सुताराच्या कामावर आजही इंच आणि सूत, व लाकडाच्या वखारीत घनफूट हीच मापे चालतात.

हंगेरीत जन्मलेले विचारवंत मायकेल पोलानी यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा ज्ञानाची मांडणी केली, ज्याला मराठीत अव्यक्त ज्ञान म्हणता येईल. माणसाला जितके सांगता येते त्याहून अधिक ठाऊक असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आणि कोणती बाभळ गाडीच्या जोराला टिकेल, कोणत्या फळीचे तोंड कुठे ठेवले म्हणजे ती वाकणार नाही, हे सुताराचे ज्ञान त्याच प्रकारचे आहे. ते हातात असते, नजरेत असते, आणि शिकाऊ मुलाने उस्तादाजवळ वर्षानुवर्षे बसूनच ते आत्मसात करायचे असते.

नव्या साधनांचा स्वीकार

हा सुतार मुळातच नव्याच्या विरोधात असता, तर त्याच्या कामाचा आजचा चेहरा असा दिसला नसता. प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला आणि गरम करून लावावा लागणारा सरस हा लाकूड जोडण्याचा पूर्वीचा पदार्थ होता; १९५९ साली बाजारात आलेल्या फेविकॉलने काही दशकांत तो जवळजवळ हद्दपार केला. त्याच कंपनीने सुतारांपर्यंत पोहोचवलेली फर्निचरच्या नमुन्यांची पुस्तके दुकानोदुकानी हाताळली गेली, आणि गिऱ्हाइकाने पुस्तकात बोट ठेवायचे व मिस्त्रीने ती वस्तू घरच्या मापात बसवून द्यायची, अशी एक नवी रीत रूढ झाली.

लाकूड बदलले तेव्हाही सुतार बदलला. मराठवाड्यात वनक्षेत्र फारच थोडे असल्याने चांगले सागवान किनवटच्या किंवा चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूने आणावे लागते. झाडे तोडण्यावर महाराष्ट्रात १९६४च्या कायद्याने नियंत्रण आले. पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशापासून देशभरातील वृक्षतोड आणि आरागिरण्या यांच्यावर कठोर निर्बंध आले. सागवान महागले, तसे प्लायवूड आणि लाकडाच्या भुशापासून केलेले दाबीव तक्ते कामात आले. दरम्यान ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे यांनी तिफण-वखराचे काम लोहाराकडे व वेल्डिंगच्या दुकानाकडे नेले, घरे सिमेंटची झाली, आणि गावच्या सुताराने चौकटी, दारे, पलंग, कपाटे आणि देव्हारे यांवर आपला संसार उभा केला.

इतके सगळे पचवलेला कारागीर जर एका विशिष्ट टप्प्यावर थांबत असेल, तर त्या टप्प्याचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते. रंधा विजेचा झाला तरी कुठे आणि किती रंधायचे हे ठरवणारा सुतारच राहिला. फेविकॉल आला तरी कुठे सांधा घ्यायचा हे त्यानेच ठरवले. आतापर्यंतच्या प्रत्येक नव्या साधनाने त्याचे श्रम कमी केले होते आणि त्याचा निर्णय शाबूत ठेवला होता. संगणकीय आरेखन हे पहिलेच साधन असे आहे की जे श्रमाच्या आधी निर्णयाला हात घालते.

संगणकीय आखणीचे स्वरूप

संगणकाच्या पडद्यावर रेषा ओढून वस्तूचा आराखडा तयार करण्याची कल्पना अमेरिकेतील संशोधक आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ या प्रणालीतून प्रत्यक्षात दाखवली. १९८२च्या अखेरीस आलेल्या ऑटोकॅडमुळे हे तंत्र साध्या कार्यालयांपर्यंत पोहोचले आणि २००० साली आलेल्या स्केचअपमुळे त्रिमिती आराखडा काढणे सामान्य वापरकर्त्यालाही सुलभ झाले. या तंत्राला संगणकसाहाय्यित आरेखन किंवा थोडक्यात कॅड म्हणतात. त्याचा जोडीदार म्हणजे सीएनसी यंत्र. आकड्यांच्या आज्ञावलीनुसार कापणारे पाते तिन्ही दिशांना आपोआप फिरवणारे हे यंत्र अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९५२ साली दाखवण्यात आलेल्या प्रयोगातून विकसित झाले. कॅडमध्ये काढलेला आराखडा सीएनसीला दिला की फळी कापणे, भोके पाडणे आणि नक्षी कोरणे ही कामे माणसाचा हात न लागता होतात.

या तंत्राचे लाभ खरे आहेत, आणि ते एका साध्या हिशेबावरून दिसतात. प्लायवूडचा तक्ता आठ फूट लांब असतो, म्हणजे सुमारे २,४४० मिलिमीटर. त्यातून दोन-दोन फुटांचे चार तुकडे निघावेत असे कागदावर वाटते, परंतु दर कापात करवतीच्या पात्याच्या जाडीइतके लाकूड भुसा होऊन जाते आणि पात्याची जाडी तीन मिलिमीटर धरली तर तीन कापांत नऊ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन सूत, कमी पडतात. अनुभवी सुतार हे जाणतो आणि त्याप्रमाणे माप आधीच थोडे आखूड धरतो. तथापि एका मोठ्या कपाटाचे पन्नास-साठ तुकडे सात-आठ तक्त्यांवर कमीत कमी तुकडा वाया जाईल अशा रीतीने बसवणे, हे डोक्यात करायला अवघड असलेले काम संगणक काही क्षणांत करतो. गिऱ्हाइकाला वस्तू घडण्यापूर्वीच तिचे रूप दिसते, खर्चाचा अंदाज पक्का होतो, आणि एक माप बदलले की बाकीची सर्व मापे आपोआप बदलतात. युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झालेली ३२ मिलिमीटरची पद्धत, म्हणजे कपाटाच्या बाजूच्या फळीवर दर ३२ मिलिमीटरवर ठरावीक व्यासाची भोके पाडून त्यांत बिजागऱ्या, फळ्यांचे टेकू आणि खणांच्या सरकपट्ट्या बसवण्याची पद्धत, याच अचूकतेवर उभी आहे, आणि शहरांतील मॉड्यूलर स्वयंपाकघरांचा धंदा तिच्यावरच चालतो.

नकाराची कारणे

असे असूनही सुतार का थांबतो, याचे पहिले कारण खुद्द लाकडात आहे. कॅडच्या दृष्टीने फळी म्हणजे सर्वत्र एकसारखा असलेला पदार्थ. प्लायवूडच्या बाबतीत हे गृहीतक बरेचसे खरे ठरते, अस्सल लाकडाच्या बाबतीत ठरत नाही. लाकूड लांबीत जवळजवळ स्थिर राहते, पण रुंदीत हवेतील ओलाव्यानुसार फुगते आणि आकसते. सागवानाच्या दीड फूट रुंद फळीतील ओलावा चार टक्क्यांनी बदलला, तरी तिच्या रुंदीत सुमारे एका सुताचा फरक पडू शकतो. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणारे कोरडे ऊन आणि त्यापाठोपाठ येणारा दमट पावसाळा अशा परभणीच्या हवेत चौकटीतील फळी किती सैल ठेवायची, कुठे खिळा मारायचा नाही, कुसू आणि भोक यांचा सांधा किती घट्ट करायचा, हे सुताराने दर फळीगणिक ठरवायचे असते. पडद्यावरच्या आराखड्यात मिलिमीटरपर्यंत पक्के असलेले माप त्याला खोटे वाटते, आणि अस्सल लाकडाच्या कामापुरती त्याची ही शंका शास्त्राला धरून आहे.

दुसरे कारण जोखमीचे आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर-रचना शिकवणारे डेव्हिड पाय यांनी १९६८च्या आपल्या ग्रंथात कारागिरीचे दोन प्रकार सांगितले: ज्यात काम पूर्ण होईपर्यंत परिणाम कारागिराच्या हातावर, दक्षतेवर अवलंबून असतो ती जोखमीची कारागिरी, आणि ज्यात काम सुरू होण्यापूर्वीच परिणाम ठरून गेलेला असतो ती निश्चितीची कारागिरी. हातकामात चूक पुढच्याच टप्प्यावर लक्षात येते आणि तिथल्या तिथे सुधारता येते. एक भोक सैल झाले तर पाचर मारून काम निभावते. सीएनसीच्या कामात आराखड्यातील एक चूक सर्व तुकड्यांवर सारख्याच अचूकतेने उतरते आणि संपूर्ण तक्ता वाया जातो. म्हणजे निश्चितीचे तंत्र जोखीम नाहीशी करत नाही, ते सगळी जोखीम उचलून आखणीच्या क्षणात गोळा करते. ज्याने आयुष्यभर चूक हातातल्या हातात सावरली, त्याला हा क्षण सर्वांत अनोळखी असतो, आणि तक्त्याची किंमत तर त्यालाच भरावी लागते.

तिसरे कारण मोलाचे आहे, आणि ते बहुधा सर्वांत कमी बोलले जाते. पारंपरिक व्यवहारात आखणीचे वेगळे पैसे मिळत नाहीत. मजुरी नगावर, चौरस फुटावर किंवा रोजावर ठरते आणि आखणी तिच्यात फुकट धरलेली असते. सुताराच्या डोक्यातील आखणी दुसऱ्याच्या हाती लागत नाही, आणि म्हणून ती त्याचे भांडवल असते. तिचा स्वच्छ, मापांसह आराखडा तयार करून गिऱ्हाइकाला दाखवला, की तो आराखडा मोबाइलमधून दुसऱ्या स्वस्त कारागिराकडे क्षणात जाऊ शकतो. ज्या तंत्रामुळे आपले भांडवल फुकट वाटले जाते आणि त्याबदल्यात काहीच मिळत नाही, त्याला नकार देणे हा सरळ व्यवहार आहे.

चौथे कारण पैशांच्या चक्राचे. परभणीच्या सुताराची कमाई लग्नसराईला आणि सुगीला बांधलेली असते. कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की शेतकरी मुलीच्या लग्नासाठी पलंग-कपाट सांगतो, पाऊस हुकला की ते काम पुढे ढकलतो. याउलट मोठ्या कंपन्यांची आरेखन-प्रणाली आता विकत मिळत नाही, ती भाड्याने मिळते. ऑटोकॅड बनवणाऱ्या कंपनीने २०१६ साली कायमचे परवाने विकणे थांबवले आणि महिन्याच्या किंवा वर्षाच्या शुल्काची पद्धत लागू केली. पावसावर अवलंबून असलेल्या कमाईतून बारमाही भाडे भरण्याचा हा करार टिकणारा नाही. शिवाय कंपनीच्या निर्णयावर शिकलेली विद्याच निकामी होण्याची शक्यता असते: नक्षीकामासाठी जगभर वापरली जाणारी आर्टकॅम ही प्रणाली २०१८ साली तिच्या मालक-कंपनीने बंद केली. वाकस किंवा पटाशी अशी एका दिवसात रद्द होत नाही.

याला भाषेची आणि मापाची अडचण जोडली, म्हणजे आज्ञा इंग्रजीत आणि मापे मिलिमीटरमध्ये असल्याने वीस वर्षांचा अनुभव असलेला मिस्त्रीही पडद्यासमोर नवशिका ठरतो हे लक्षात घेतले, की आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. त्याच्या हाताखालचा सतरा वर्षांचा मुलगा ज्या साधनावर त्याच्यापेक्षा वेगाने बोटे चालवतो, ते साधन आल्याने कामावरचा त्याचा मानच धोक्यात येतो. अधिकाराची ही उलथापालथ सोसायची असेल, तर तिच्या बदल्यात काही ठोस हाती यावे लागते.

शेतकऱ्याचे उदाहरण

नवी गोष्ट लोक का स्वीकारतात किंवा नाकारतात, याचा अभ्यास अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला, आणि त्याचा पाया आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले, याविषयीच्या १९४३च्या अभ्यासात होता. रॉजर्स यांच्या मते पाच गोष्टी निर्णायक ठरतात: जुन्यापेक्षा प्रत्यक्ष लाभ, चालत आलेल्या रीतीशी मेळ, समजण्यातील सोपेपणा, थोड्या प्रमाणात करून पाहण्याची सोय, आणि शेजाऱ्याकडे दिसणारा परिणाम.

परभणीत ही मांडणी कोणालाही लगेच पटेल, कारण १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, याच शहरात आहे. ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात किंवा ‘नांदेड-४४’ हा कापसाचा संकरित वाण शेतकऱ्याला पिशवीभर घेऊन शेताच्या एका कोपऱ्यात लावून पाहता आला, शेजाऱ्याने तो बांधावरून पाहिला, आणि नाही जमले तर नुकसान त्या कोपऱ्यापुरते राहिले. संगणकीय आरेखनाची अशी पिशवीभर चाचणी सुताराला आजवर मिळालेली नाही. काही लाखांचे सीएनसी यंत्र घ्यायचे, किंवा काहीच करायचे नाही, अशा दोन टोकांमध्येच त्याला उभे केले जाते. याच विद्यापीठात राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली यंत्रमानव आणि ड्रोन यांच्या वापरातून डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले, ही अभिमानाची गोष्ट आहे. आणि म्हणूनच त्या शेतीची अवजारे पिढ्यान्‌पिढ्या घडवणाऱ्या कारागिराला या वाटचालीत जागा नसणे अधिक खटकते.

नकाराची किंमत

नकाराला कारणे आहेत म्हणून त्याची किंमत चुकत नाही. शहरातील नवे घरमालक आधी चित्र आणि पक्का खर्च मागतात. ते देऊ न शकणाऱ्या सुताराकडून हे काम मॉड्यूलर फर्निचरच्या दुकानाकडे जाते, आणि मग तोच सुतार दुसऱ्याने काढलेल्या आराखड्याप्रमाणे तुकडे जोडणारा रोजंदार होतो. दारावरची नक्षी आणि देव्हाऱ्याची जाळी आज अनेक गावांत सीएनसीवर कापून आणली जाते. यंत्र दुसऱ्याचे आणि नक्षीची फाइल बाजारातून आलेली, अशा कामात स्थानिक वळण उरत नाही. अशा रीतीने संगणक टाळूनही सुतार संगणकाच्या पकडीतून सुटत नाही, त्याच्या हातून फक्त आखणी सुटते.

हे किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. तिथल्या सुताराची सर्वांत मानाची विद्या म्हणजे लाकडावर शाईने सांध्यांची आखणी करणे. १९७०च्या दशकापासून ही आखणी आणि कापणी कारखान्यातील यंत्रांकडे, आणि पुढे संगणक-नियंत्रित यंत्रांकडे, जाऊ लागली, आणि आज पारंपरिक चौकटीच्या नव्या लाकडी घरांपैकी ९० टक्क्यांहून अधिक घरांचे सांधे कारखान्यातून कापून येतात. घरे वेगाने आणि अचूक उभी राहतात, परंतु आखणी करू शकणारा सुतार दुर्मीळ झाला आहे. याच्या उलट वाट जर्मनीने धरली. तिथे फर्निचर-सुताराच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या शेवटी उमेदवाराला एक वस्तू स्वतः रचून, तिचा आराखडा स्वतः काढून आणि स्वतःच्या हाताने घडवून परीक्षकांसमोर ठेवावी लागते, आणि संगणकीय आरेखन व सीएनसी हे त्याच प्रशिक्षणाचे भाग असतात. एका ठिकाणी आखणी हातापासून तोडली गेली, दुसऱ्या ठिकाणी ती हाताशी बांधून ठेवली गेली. यंत्रे दोन्हीकडे तीच आहेत.

परभणीत काय करता येईल

१७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या वर्धापनदिनी, केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील १८ व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत आणि पंधरा दिवसांचे प्रगत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपये आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत एकूण तीन लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. ऑटोकॅडच्या पूर्ण आवृत्तीचे एका वर्षाचे शुल्कच या १५ हजारांहून पुष्कळ अधिक असते, हे लक्षात घेता फुकट आणि मुक्त प्रणालींवरच भर द्यायला हवा; अनेक वर्षांच्या सामूहिक श्रमांतून घडलेल्या फ्रीकॅड या प्रणालीची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आहे, तिला भाडे नाही आणि ती कोणा एका कंपनीच्या निर्णयाने बंद पडणारी नाही.

प्रशिक्षणाची सुरुवात आज्ञांच्या यादीने न होता सुताराच्या स्वतःच्या फर्म्यापासून झाली पाहिजे. त्याच्या हातात असलेले पलंगाचे किंवा चौकटीचे माप इंच-सुतांत घ्यावे, तेच पडद्यावर उतरवावे, त्यातून तक्त्याची कापणी-यादी काढावी, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे असलेले खरे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील यंत्रावर संस्थेच्या जोखमीवर कापून द्यावे. रॉजर्स यांनी सांगितलेली चाचणीची सोय ती हीच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकाम आणि आरेखक हे अभ्यासक्रम वेगवेगळे चालतात; एकाला हात शिकवला जातो, दुसऱ्याला रेषा. या दोन वर्गांनी वर्षातून एक तरी वस्तू मिळून रचावी आणि घडवावी, एवढा बदल करायला नवा निधी लागत नाही. शाळकरी मुले चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी घनभूमिती काढतात. सुताराघरच्या मुलाला ही भूमिती आणि वडिलांची आखणी एकाच विद्येची दोन अंगे आहेत, हे तिथेच दाखवता येते.

कृषी विद्यापीठाकडे बैलांच्या ताकदीवर चालणाऱ्या अवजारांवर संशोधन करणारा ‘पशुशक्तीचा योग्य वापर’ हा प्रकल्प आहे. जिल्ह्यातील वखर, तिफण, कोळपे आणि बैलगाडी यांची जुनी मापे, त्यांमागची कारणे आणि लाकडाची निवड यांची नोंद संगणकीय आराखड्यांत करण्याचे काम या प्रकल्पाच्या मदतीने आणि वृद्ध सुतारांना त्यांच्या ज्ञानाचा मोबदला देऊन करता येईल, आणि प्रत्येक आराखड्यावर ते माप सांगणाऱ्याचे नाव असावे. बियाण्याच्या वाणांची नोंद जपणाऱ्या संस्थेला अवजारांच्या वाणांची नोंद परकी वाटू नये.

शेवटची आणि सर्वांत कठीण गोष्ट आखणीच्या किमतीची आहे. सुताराने आराखडा दाखवण्यापूर्वी त्याचे शुल्क वेगळे घ्यावे, काम मिळाल्यास ते मजुरीत वळते करावे, असा रिवाज सुतारांच्या संघटनांनी आणि बांधकाम-व्यावसायिकांनी मिळून पाडला, तर आरेखन शिकण्याला पहिल्यांदाच आर्थिक अर्थ येईल. सरकारी शाळांची बाके आणि कार्यालयांची टेबले यांची कंत्राटे काढताना आराखड्याची रक्कम वेगळी दाखवली, तर या रिवाजाला सरकारी मान्यताही मिळेल. वास्तुविशारदाला रेषेचे पैसे मिळतात आणि सुताराला मिळत नाहीत, हा भेद ज्ञानाच्या दर्जातून आलेला नाही, समाजाने कोणाचे ज्ञान लिहून घेतले आणि कोणाचे घेतले नाही, यातून आला आहे.

अशा योजनांचे यश आज वाटलेल्या प्रमाणपत्रांवरून आणि मंजूर कर्जांवरून मोजले जाते. परभणीच्या बाबतीत अधिक खरी कसोटी वेगळी आहे: पाच वर्षांनी जिल्ह्यातील किती सुतार स्वतःच्या नावाचा आराखडा काढतात, किती जण त्याचे पैसे घेतात, आणि किती जण जरूर तेव्हा पडद्यावरचे माप फळी पाहून आत्मविश्वासाने बदलतात. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर नकार विरलेला असेल, कारण त्याला कारणच उरलेले नसेल. ती तशी नसतील, तर जिल्ह्यात यंत्रे कितीही आली तरी सुतार नाहीच म्हणत राहील, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल.